तो फोटो तिने उचलला नव्हता, बाई

बाई, परवा तुमची शोकसभा झाली. सहा जण बोलले आणि सहाही भाषणं तुम्ही लाल पेनाने खोडून काढली असतीत. संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, सोनवणे बाई म्हणजे मायेचा सागर. मी मागच्या सतरंजीवर बसले होते आणि तुमचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला, "सागर म्हणजे काय केलं तिने? ते लिही." मला हसू फुटलं. समोर तुमचा हार घातलेला फोटो, उदबत्तीचा धूर, सगळे माना खाली घालून बसलेले, आणि मी ओढणीचा बोळा तोंडात कोंबून हसतेय. शेजारच्या बाईंना वाटलं मी हुंदका आवरतेय. त्यांनी पाठीवरून हात फिरवला, आणि मग मात्र मला खरंच रडायला आलं.

मलाही म्हणाले होते, "वर्षभर त्यांच्या हाताखाली होतीस, दोन शब्द बोल." मी उठले नाही. तुमच्याशी माझं जे राहिलंय ते माईकवर सांगण्यासारखं नाही. म्हणून इथे लिहितेय, तुमच्याच पद्धतीने, जमेल तेवढं.

गेल्या जुलैत आमच्या विशेष शिक्षणाच्या कॉलेजने वर्षभराच्या सरावाची यादी लावली, तेव्हा माझ्या नावापुढे पाथर्डी वाचून मी पायरीवर बसून रडले होते. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. मैत्रिणींना नगर मिळालं, राहुरी मिळालं, आणि मला मेलीला पाथर्डी. मी अकोले तालुक्यातली, भाताच्या खाचरांत वाढलेली. इथे भर पावसाळ्यात एसटीतून उतरले तर टँकरमागे हंड्यांची रांग. धान्याच्या दुकानामागे तुमच्या दोन खोल्या, तीन ते सहा वर्षांची नऊ मुलं, सगळी स्वमग्न, आणि दारात तुम्ही. पहिलं विचारलंत, "जेवलीस का?" आणि दुसरं वाक्य, "त्या बांगड्या वाजतात. काढून ठेव."

मी तीन दिवस जागून थर्माकोलची फुलं, फुलपाखरं, रंगीत तक्ते करून आणले होते. सगळ्या भिंती भरून टाकल्या. तुम्ही शांतपणे स्टूल आणलंत आणि म्हणालात, "छान आहेत. आता उतरव." मुलांच्या डोळ्यांना इतकं एकदम झेपत नाही, हे तुम्ही नंतर समजावलंत, पण तोवर मी मोरीत जाऊन रडून आले होते. खोलीवर गेल्यावर आईला फोन करून तुम्हाला काय काय बोलले, ते इथे लिहीत नाही.

आणि ती निरीक्षणवही! मी पहिल्या दिवशी लिहिलं होतं, 'ईश्वरीने आज फार हट्टीपणा केला.' तुम्ही 'हट्टीपणा'वर आडवी लाल रेघ मारलीत.

"हट्टी म्हणजे काय केलं तिने?"

"बसतच नव्हती, बाई."

"मग बसली नाही, असं लिही. किती वेळ?"

"असेल दहा-बारा मिनिटं."

"असेल म्हणजे? घड्याळ कुणासाठी लावलंय भिंतीवर?"

'खूश झाली' लिहिलं की तुम्ही खोडायचात आणि बाजूला लिहायचात, 'हसली का?' 'घाबरली' लिहिलं की, 'कान झाकले का?' एकदा मी वैतागून म्हटलं, "बाई, या वहीत माणसाला काही वाटायचंच नाही का?" तुम्ही चष्म्यावरून बघितलंत आणि म्हणालात, "वाटू दे की. तुला काय वाटलं ते तू घरी जाऊन आईला सांग. या मुलांबद्दल सगळं जग आपल्याला वाटतं तेच बोलतंय. एका वहीत तरी त्यांनी काय केलं तेवढंच असू दे." तेव्हा मला हे फार कोरडं वाटलं होतं.

ईश्वरी तेव्हा पाच वर्षांची. तिचे आईवडील दर वर्षी उसाच्या तोडणीला जाणारे. तहान लागली की ती भिंतीवर डोकं आपटायची, कारण पाणी मागायचं कसं हे तिला कुठूनच सापडत नव्हतं. बाकी वेळ ती मोरीतल्या गळक्या नळापाशी उभी. मी तिला ओढून आणायचे, ती किंचाळायची, मी रडकुंडीला यायचे. एक दिवस तुम्ही मला बाजूला केलंत, नळाखाली स्टीलची वाटी ठेवलीत आणि तिच्याशेजारी ओल्या फरशीवर फतकल मारून बसलात. चाळीस मिनिटं. तिला हात लावला नाहीत, हाक मारली नाहीत. थेंब पडायचा, दोघी बघायचात. मी विचारलं, "काय झालं बाई?" तुम्ही गुडघा धरून उठलात. "काही नाही. मी शेजारी बसले आणि ती उठून गेली नाही. लिही."

त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी तिने, हवं ते मागता यावं म्हणून भिंतीवर लावलेल्या कार्डांतून, ग्लासाच्या फोटोचं कार्ड काढून तुमच्या हातात दिलं. तुम्ही "पाणी" म्हणालात आणि ग्लास भरून दिलात. बस. मी टाळ्या वाजवायला हात उचलले, तर तुम्ही नुसतं माझ्याकडे बघितलंत आणि मी हात खाली घेतले. पण तुमचे डोळे भरलेले मी पाहिलेत, बाई. वाटलं असं नाही लिहीत. पाहिलेत.

ते कार्ड टिकावं म्हणून तुम्ही दसऱ्याच्या आधी तीन वेळा जीपने त्यांच्या वस्तीवर गेलात. सहा महिने पोरीला आजीजवळ ठेवा, आजी रोज वर्गात आणील, आत्ता कुठे लागलंय, तुटलं तर परत पहिल्यापासून. आजी तयार झाली. वडील तयार झाले. सविता, तिची आई, "बरं" म्हणाली, पण ते बरं कसलं होतं हे आपल्याला दोघींनाही दिसत होतं.

आणि मग तो शुक्रवार. तुम्ही तहसीलला गेला होतात. सविता पोरीला न्यायला आली आणि दारातच थांबली. तोडणीला निघायला तीन दिवस राहिले होते. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "म्याडम, येक इचारू का? ही मला वळखती का? का कुनीबी घास भरवला तरी तिला सारकंच?"

हा प्रश्न सगळ्या आया तुम्हाला कधी ना कधी विचारायच्या. तुम्ही दर वेळी एकच उत्तर द्यायचात, "मला माहीत नाही, ताई. तिने दाखवलं की सांगेन." त्या आयांचे चेहरे मी बघायचे. मला तुमचा संताप यायचा. एवढं काय जातं हो म्हणायला?

तर मी म्हटलं, "ओळखते ना! आजच चार फोटो ठेवले होते तिच्यापुढे. तिने तुमचाच उचलला."

"खरं?"

"खरं."

"चारातनं?"

"चारातून."

ती रडली नाही की हसली नाही. फोटो बघू म्हणाली. मी लॅमिनेट केलेला तिचा फोटो दिला, तर तिने तो ब्लाउजमध्ये ठेवला आणि म्हणाली, "ह्यो मी न्हेऊ?" मी म्हटलं न्या. त्या दिवशी मी चालत खोलीवर गेले ते हवेत तरंगत. वाटलं, आज एका आईचं भलं केलं.

मंगळवारी आजी एकटीच आली. "घिऊन गेली की पोरीला. लेकरू मला वळखतंय, म्हंली, त्याला टाकून कशी जाऊ? चार फोटूतनं माझाच उचलला म्हनं." तुम्ही वही काढलीत, शुक्रवारचं पान उघडलंत आणि माझ्यापुढे ठेवलंत. माझंच अक्षर होतं. 'ईश्वरीला चार फोटो दिले. चारही उलटे केले. मागची बाजू उन्हात धरून हलवली. अकरा मिनिटं.'

आजी गेल्यावर तुम्ही म्हणालात, "फोन कर तिला."

"आता करून काय होणार, बाई? पोचल्या असतील त्या कोल्हापूरकडे."

"परत आणायला नाही म्हणत. खरं सांगायला."

"काय बिघडलं एवढं? तेवढंच तिला बरं वाटलं."

"तिने त्या वाक्यावर पोरीचे सहा महिने ठरवले. आणि ते वाक्य तिच्या पोरीचं नाही, तुझं आहे."

तिथून आपलं सुरू झालं. दर शनिवारी मुलं गेली की आपण सतरंज्या घड्या करायचो आणि तुम्ही विचारायचात, "केलास फोन?" मी म्हणायचे, नाही. एकदा चिडून म्हटलं, "मग तुम्हीच करा ना!" तर म्हणालात, "मी काय सांगू? मी तिथे नव्हते." हे तुमचं टोकाचं होतं, बाई, आजही मला ते पटत नाही. तुम्ही केला असतात एक फोन, तर काय तुमची वही बाटली असती?

मी एकदा केला होता. हे तुम्हाला माहीत नाही. डिसेंबरात, दुपारचा. पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज, बायांचा गलका. सविता इतकी खूश झाली माझा आवाज ऐकून. "म्याडम! फोटू ठिवलाय बरं का, कोपीत लावलाय, पाचटाच्या भितीला." मी विचारलं, ईश्वरी कशी आहे. ती म्हणाली, हाय बरी. मी फोन ठेवला. शनिवारी तुम्हाला सांगितलं, "लागत नाही तिचा फोन." तुम्ही "हं" म्हणालात. म्हणजे तुमच्याशीही खोटं बोलले. सतरंजीचं एक टोक माझ्या हातात आणि दुसरं तुमच्या, एवढ्या अंतरावरून.

आणि जानेवारीतला तो शनिवार. तुम्ही पुन्हा विचारलंत आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "तुम्हाला स्वतःचं मूल असतं ना बाई, तर कळलं असतं मी का बोलले ते."

बोलून गेले. तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाहीत. म्हणालात, "ते टोक नीट धर, दुमडतंय." मी टोक धरलं. आपण सतरंजी घडी केली, तुम्ही कुलूप लावलंत आणि नेहमीसारखं विचारलंत, "डब्यात भाजी आहे, नेतेस का?" मी नेली. मेथीची होती. खाल्लीही. माफी मात्र मागितली नाही. सोमवारी मागू, पुढच्या आठवड्यात मागू, सराव संपताना एकदम पाया पडून मागू, असं करत करत मार्च आला.

तुमच्या शेवटच्या शनिवारी तुम्ही फोनचं विचारलंच नाहीत. मला सुटल्यासारखं वाटलं. तुम्ही विसरला होतात, की माझा नाद सोडला होतात, की तेव्हाच छातीत दुखत होतं आणि बोलायचं त्राण नव्हतं, मला माहीत नाही. सोमवारी सकाळी सातला तुमच्या शेजारणीचा फोन आला, छातीत कळ येऊन बाई गेल्या म्हणून. मी आले तेव्हा तुम्हाला पलंगावरून खाली जमिनीवर घेतलं होतं. चष्मा कुणीतरी काढला होता, तुमच्या नाकावर त्याचे दोन वळ होते. मी तुमच्या पायांना हात लावला. गार होते.

बुधवारी मी वर्ग उघडला, कारण किल्ली माझ्याकडे होती आणि मुलांच्या आयांना दुसरं काय सांगावं ते सुचेना. आठ जण आले. कुणी दाराकडे पाहिलं नाही, तुम्ही बसायचात त्या पाटाकडे पाहिलं नाही. मुलाला सोडायला आलेल्या एक मावशी म्हणाल्या, "ह्यांना काय कळतंय गेलं कोन अन् राहिलं कोन." मी वहीत लिहिलं, 'पाटाकडे पाहिलं नाही.' 'वाईट वाटलं नाही' असं कसं लिहू? ते कुणाच्या बापाला कळणार आहे, बाई? तिथे, त्या पानावर, तुम्ही वर्षभर काय सांगत होतात ते मला पहिल्यांदा कळलं. उशिरा कळलं. तुमच्या माघारी कळलं. स्वतःचा असा राग आला की पेन फेकून दिलं, मग उठून उचलून आणलं.

आता कालचं सांगते. त्यासाठीच बसलेय लिहायला.

काल अकराला सविता आली. ऊसतोडीची टोळी परवाच परतली. ईश्वरी काळवंडलीय, केस बारीक कापलेत, उंच झालीय. कपाळावर मधोमध खपली आहे. मी विचारलं नाही कशाची. सविताच म्हणाली, "परत आपटायला लागली ओ. बाईंनी घरी दिल्यालं ते कार्ड पाटाच्या पान्यात गेलं पहिल्याच म्हैन्यात. दुसरं कुठनं आनू तिथं?" मग इकडेतिकडे बघत म्हणाली, "बाई कुठायत?"

मी सांगितलं. ती उंबऱ्यावरच बसली. बराच वेळ नुसती "अगं बाई, अगं बाई" करत राहिली. ईश्वरी आत गेली, मोरीपाशी. नळ आता गळत नाही, तुम्हीच दुरुस्त करून घेतला होतात जानेवारीत. ती तिथे नळाकडे बघत उभी राहिली.

मला वाटलं, आज नको. आज ती दुःखात आहे, दोन दिवसांनी सांगू. मग वाटलं, दोन दिवसांनी सांगू असं मी म्हणत राहिले आणि तुम्ही गेलात.

मी तिच्यासमोर खाली बसले आणि म्हटलं, "ताई, मी तुमच्याशी खोटं बोलले होते. त्या दिवशी तिने तुमचा फोटो उचलला नव्हता. चारही उलटे केले होते. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी बोलले. बाईंना हे पहिल्यापासून माहीत होतं. त्या मला दर आठवड्याला सांगायच्या, खरं सांग म्हणून. मीच सांगितलं नाही."

ओरडेल असं मला वाटलं होतं, शिव्या देईल, देऊ देत. पण ती अगदी हळू बोलली, "म्या सगळ्या टोळीला सांगितलं. बाया म्हनायच्या, कशाला आनली ह्या येडीला फडात. म्या म्हनायची, येडी न्हाई, मला वळखती ती. फोटू दाखवायची." मग म्हणाली, "सा म्हैनं त्येच्यावर काढलं म्या."

माफ करा म्हटलं. ते तिने ऐकलं की नाही कोण जाणे.

"मग आता खरं सांग," ती म्हणाली. म्याडम नाही, अहो-जाहो नाही. "वळखती का मला?"

"मला माहीत नाही, ताई."

तुमचंच वाक्य, बाई. मला ते निर्दय वाटायचं. तुम्ही ते किती आयांना, किती वर्षं म्हणत आलात! प्रत्येक वेळी तुम्हालाही असंच जड जायचं का? विचारलं नाही मी कधी. मला आपलं वाटायचं, बाईंना काही वाटतच नाही.

सविता उठली. पदराने तोंड पुसलं, आत जाऊन पोरीचा हात धरला. ईश्वरी गेली तिच्याबरोबर. ओढावं लागलं नाही, मागे वळून बघितलं नाही. याचा काही अर्थ असेल किंवा नसेल. दारातून सविताने विचारलं, "उद्या किती वाजता आनू?"

"दहाला."

"तू असशील ना?"

'हो' अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. माझा सराव शनिवारी संपतो. कॉलेजचं पत्र आलंय. संस्था म्हणते, नवीन बाई जूनमध्ये बघू, तोवर वर्ग चालेल की नाही तेही नक्की नाही. या पोरीच्या आईला आणखी एक 'नाही' ऐकवायचं जिवावर आलं होतं. तिचे डोळे लाल झालेले, कडेला उभी ती पोर, कपाळावर ती खपली.

"शनिवारपर्यंत आहे," मी म्हटलं. "पुढे कोण असेल, वर्ग असेल का, मला माहीत नाही."

तिने मान हलवली आणि पोरीला घेऊन स्टँडच्या दिशेने गेली.

खरं सांगितलं की मोकळं वाटेल, अशी माझी समजूत होती, बाई. तुम्ही तसं कधी म्हणाला नव्हतात, ते माझं मीच धरून चालले होते. नाही वाटलं. मुलं गेल्यावर एकटीच सतरंज्या घड्या करत बसले. तुम्ही असतात तर निदान सतरंजीचं एक टोक धरलं असतंत.

आणि त्या शनिवारचं ते वाक्य, मुलाचं, त्याला तर आता ऐकणारंच कुणी नाही. चुकले, बाई.

आता साडेनऊ वाजायला आलेत. सविता येईल की नाही, सांगता येत नाही. मी खोली झाडून घेतलीय आणि ग्लासाचं नवीन कार्ड करून भिंतीवर लावलंय, ईश्वरीचा हात पुरेल एवढ्या उंचीवर.